ऑर्किडमधला विषाणू कुणाच्या गच्चीवरून आला? पट्टीपासून वंशवृक्षापर्यंत

दिवाळीनंतर माझ्या जांभळ्या कॅटलिया ऑर्किडला फूल आलं आणि पाकळ्यांवर रंग फाटल्यासारखा दिसला. मध्येच पांढुरके ओरखडे, मध्येच गडद पट्टे. पाहणाऱ्यांनी कौतुक केलं, "नवीन जात का हो?" मला मात्र तीन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. याच रोपाचे पाच भाग करून मी आमच्या भिशीतल्या मैत्रिणींना वाटले होते. सुरी कांदा चिरायची, आणि प्रत्येक कापानंतर ती फक्त फडक्याला पुसली होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईने हे करावं!

पुढच्या भिशीला प्रश्न आलाच. "माझ्याही झाडावर डाग आलेत. तुमच्याकडूनच आला असेल ना तो रोग?" मी म्हटलं, शोधून सांगते. शोधायला मदत केली भाचीने. ती जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. त्या खटाटोपात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिला अर्धा भाग दहा कुंड्या असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल. दुसऱ्या अर्ध्याला संगणक, इंटरनेट आणि थोडी चिकाटी लागते. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी तो सोडू नये.

दोन विषाणूंची ओळख

ऑर्किडवर कित्येक विषाणू येतात, पण जगभरच्या संग्रहांत पुन्हा पुन्हा सापडणारे दोनच. सिम्बिडियम मोझॅक व्हायरस आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट व्हायरस. पुढे त्यांना सिमएमव्ही आणि ओआरएसव्ही म्हणते. दोघांची शास्त्रीय वर्णनं १९५०च्या सुमारास झाली. नावावर जाऊ नका. सिम्बिडियमचा विषाणू डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा, इतकंच काय व्हॅनिलावरही येतो, कारण व्हॅनिला हीसुद्धा ऑर्किडच.

सिमएमव्ही म्हणजे लवचिक, वाकणारा धागा, सुमारे ४८० नॅनोमीटर लांब. ओआरएसव्ही म्हणजे ताठ काडी, ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ जाड. तो तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा सख्ख्या घराण्यातला भाऊ, आणि त्या घराण्याचा चिवटपणा त्याच्यात पुरेपूर उतरला आहे. दोघांच्या पोटात एकेरी आरएनएचा धागा असतो. सिमएमव्हीचा सुमारे ६,२०० अक्षरांचा, ओआरएसव्हीचा सुमारे ६,६०० अक्षरांचा. (अक्षरं म्हणजे धाग्यात ओळीने गुंफलेले रासायनिक घटक.) एवढ्याशा मजकुरात स्वतःच्या नकला काढायचं प्रथिन, पेशीतून पेशीत सरकायची प्रथिनं आणि अंगावरचं कवच, सगळं बसवलेलं.

व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या दोघांना झाडोझाड नेणारी मावा किंवा पांढऱ्या माशीसारखी ठरलेली कीड नाही. रस लागला की लागण. कात्री, नखं, जुनी कुंडी, आधाराची काडी यांवरून ते जातात. बियांतून सहसा जात नाहीत. ऑर्किड फ्लेक नावाचा आणखी एक विषाणू आहे, तो मात्र बारीक कोळ्यांमार्फत, म्हणजे माइट किडींमार्फत पसरतो. त्याची गोष्ट वेगळी.

नक्कल करताना होणाऱ्या चुका

आमच्या बडोद्यात प्राच्यविद्या मंदिर आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे तयार झाली, १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाली. देशभरची हस्तलिखितं जमवायची, ओळ न् ओळ लावून पाहायची, पाठभेद टिपायचे, आणि कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली असावी हे ठरवायचं, असं ते काम. विषाणूंमधला जनुकीय फरक कुणाला समजावून सांगायचा असला की मी हेच उदाहरण देते. लेखनिकाने एका पोथीत 'वन'चं 'धन' केलं, आणि पुढच्या तीन पोथ्यांत तेच 'धन' दिसलं, तर त्या तिन्ही एका घरच्या. सामायिक चूक म्हणजे सामायिक पूर्वज. विषाणूचा वंशवृक्ष याहून वेगळ्या तत्त्वावर उभा नाही.

आता विषाणूचा लेखनिक किती चुकतो? आपल्या पेशी डीएनएची नक्कल काढताना मागे वळून चूक तपासतात. या विषाणूंच्या नक्कल-प्रथिनाला ती सवय नाही. आरएनए विषाणूंमध्ये साधारण दहा हजार ते दहा लाख अक्षरांमागे एक चूक धरतात. जास्तीचा दर घेतला तर ६,२०० अक्षरांच्या धाग्यात दर दोन नकलांमागे एक तरी पाठभेद. एका पानात अशा नकला अब्जावारी होतात. म्हणून पानात 'एक' विषाणू कधीच नसतो, जवळजवळ सारख्या पोथ्यांची झुंड असते. तिला क्वासिस्पीशीज म्हणतात. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ मॅनफ्रेड आयगेन यांनी १९७०च्या दशकात मांडली.

एवढ्या चुका होतात तर हे दोन विषाणू ओळखू येणार नाहीत इतके बदलायला हवे होते. प्रत्यक्षात उलट दिसतं. वेगवेगळ्या देशांतल्या ओआरएसव्हीची कवचाची जनुकं शेजारी ठेवली तर ती बहुतांशी सारखीच निघतात. सिमएमव्हीत थोडी जास्त विविधता आहे, अ आणि ब असे दोन उपगट पाडता येतात, पण तिथेही कवचाचं प्रथिन फारसं हलत नाही.

याचं कारण चाळणी. कवचाच्या प्रथिनाचे हजाराहून जास्त तुकडे एकमेकांत अचूक बसले तर धागा तयार होतो. प्रथिनाचा घटक असलेलं एखादं अमिनो आम्ल चुकीचं बदललं की तुकडा बसत नाही आणि ती पोथी तिथेच संपते. ज्या चुका टिकतात त्या बहुतेक अर्थ न बदलणाऱ्या. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द धरला, तर सीसीटी, सीसीसी, सीसीए, सीसीजी या चारही शब्दांचा अर्थ एकच, प्रोलीन हे अमिनो आम्ल. तिसरं अक्षर बदललं तरी प्रथिनाला पत्ता लागत नाही. म्हणून दोन नमुन्यांतले फरक मोजताना ते शब्दाच्या कितव्या अक्षरावर आहेत हे पाहायची सवय लावा. बहुतेक तिसऱ्यावर सापडतील.

आणखी एक गंमत. या विषाणूंचा वृक्ष काढला तर देशांप्रमाणे फांद्या पडत नाहीत. एका फांदीवर आशियातला नमुना आणि युरोपातला नमुना शेजारी बसलेले दिसतात. ऊतिसंवर्धनातली (टिश्यू कल्चरची) रोपं विमानाने जगभर फिरतात आणि विषाणू त्यांच्यासोबत फुकट प्रवास करतो. बडोद्याच्या दुकानात घेतलेल्या फॅलेनॉप्सिसमधला विषाणू बडोद्याचा म्हणायचं काहीच कारण नाही.

पाहणी: डागांवर विश्वास किती ठेवायचा

थोडक्यात सांगायचं तर फारसा नाही. सिमएमव्हीमुळे पानावर फिकट-गडद चट्टे, पुढे काळपट खोलगट रेघा, फुलांवर तपकिरी डाग येतात. ओआरएसव्हीमुळे वलयं आणि कॅटलियाच्या फुलात रंगफाट. पण बऱ्याच फॅलेनॉप्सिसमध्ये दोन्ही विषाणू असूनही पान हिरवंगार, फूल टवटवीत. हेच सर्वांत धोक्याचं, कारण अशा झाडावर कुणी संशय घेत नाही आणि त्याच्यावरच सुरी बिनधास्त चालते.

उलट बाजूने, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो तेव्हा हिरव्या जाळीखालीही पानं भाजतात. उन्हाचा डाग पानाच्या वरच्या, सूर्याकडच्या भागावर येतो, कडा स्पष्ट असतात आणि तो पुढे वाढत नाही. लाल कोळी लागलेलं पान मागून चंदेरी, खरखरीत लागतं. बुरशीच्या डागाभोवती बहुधा पिवळी कडा असते. जिवाणूचा डाग ओला, पिचपिचीत, कधी वास येणारा. विषाणूची खूण म्हणजे पानाच्या दोन्ही बाजूंनी दिसणारा नक्षीदार फरक, जो नव्या पानातही पुन्हा उमटतो. पान उजेडासमोर धरा, चट्टे जास्त चांगले दिसतात. एवढं झाल्यावरही निर्णय डोळ्यांनी देऊ नका.

नमुना घेणं

इथे घाई केली तर तपासणीच रोग पसरवते. प्रत्येक झाडाला नवं ब्लेड. दाढीच्या अर्ध्या पात्या स्वस्त पडतात, एक झाड झालं की डब्यात टाकायची. हातमोजे घातले असतील तर तेही बदला. नुसतेच घालून सगळ्या कुंड्या फिरलात तर हातमोजा म्हणजे रबरी सुरी.

विषाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, आणि नुकती लागण असेल तर आठवडेच्या आठवडे काही भागांत सापडतच नाही. म्हणून एकाच पानावर थांबू नका. पूर्ण वाढलेल्या पण म्हाताऱ्या न झालेल्या दोन-तीन पानांच्या कडेचा नखाएवढा तुकडा घ्या. चट्टा असेल तर चट्टा आणि लगतचा हिरवा भाग दोन्ही यावेत. फूल असेल तर पाकळीही घ्या. पैसे वाचवायला पाच झाडांचे तुकडे एकत्र चुरडून एकच तपासणीची पट्टी (तिच्याबद्दल पुढे) वापरता येते. पट्टी स्वच्छ निघाली तर बरं, रेघ उमटली तर पाचही वेगवेगळी तपासावी लागतात. पण फार झाडं एकत्र केली तर कमी विषाणू असलेलं झाड गर्दीत लपतं. मी पाचावर जात नाही.

नोंद करायला वही हवी. झाडाचं नाव, कुठून कधी आणलं, शेवटचं कधी कापलं, कोणाला भाग दिले. कुंडीवर जस्ताची पट्टी लावून खिळ्याने क्रमांक कोरा. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या अंगणातल्या कुंड्या तरंगत भलतीकडे गेल्या आणि शाईने लिहिलेली सगळी लेबलं धुऊन निघाली. नदीतली मगर आली नाही हेच नशीब. त्या दिवसापासून शाई बंद.

नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर तुकडे टिश्यूपेपरात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. कुरियर सोमवारी करा. शनिवारी केलंत तर रविवारभर गोदामात पान उकडतं, आणि आरएनएला उष्णता नि दमटपणा अजिबात मानवत नाही.

पट्टी

गरोदरपणाच्या चाचणीसारखी पट्टी या दोन्ही विषाणूंसाठी मिळते. पिशवीतल्या द्रावात पान चुरडायचं, पट्टी बुडवायची, सांगितलेल्या वेळेत रेघ पाहायची. वरची रेघ म्हणजे पट्टी चालली, खालची म्हणजे विषाणू सापडला. ती नसेल तर खालची रेघ कितीही ठळक असो, निकाल रद्द. वेळ उलटून गेल्यावर उमटलेली पुसट सावली मोजू नका. आणि पान जास्त घातलं की निकाल पक्का होतो हा गैरसमज आहे, ऑर्किडचा चिकट रस पट्टीवरचा प्रवाहच अडवतो.

पट्टी कवचाचं प्रथिन ओळखते, जनुकाची अक्षरं तिला दिसतच नाहीत. तिसऱ्या अक्षरावरचे बदल प्रथिनात सहसा उतरत नसल्याने दोन उपगटांतले विषाणूही एकच पट्टी पकडू शकते. घरगुती बागेला विविधतेची चिंता का करायची नाही, त्याचं कारण हे. पट्टी चुकते ती बहुतेक वेळा विषाणू कमी असल्याने किंवा भलत्या पानातून नमुना घेतल्याने. म्हणून नवं झाड आणलं की ते वेगळं ठेवून आज एकदा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

प्रयोगशाळेत काय मागायचं

ज्यांना फक्त झाडं वाचवायची आहेत त्यांनी इथून थेट शेवटच्या भागावर उडी मारली तरी चालेल.

आरटी-पीसीआरमध्ये आधी आरएनएचं डीएनए करतात, मग जनुकाचा हवा तो तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवतात. तुकड्याची दोन टोकं पकडायला प्रायमर नावाचे डीएनएचे आखूड तुकडे लागतात, साधारण २० अक्षरांचे. आणि इथे विविधता खरोखर आडवी येते. प्रायमरच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांवर तुमच्या विषाणूत पाठभेद असेल तर वाढ होतच नाही, आणि अहवाल येतो 'विषाणू नाही'. पट्टी हो म्हणते आणि पीसीआर नाही म्हणते, असं झालं तर आधी प्रायमरवर संशय घ्या. दोन वेगळ्या जागांचे प्रायमर वापरता का, असा प्रश्न प्रयोगशाळेला आधीच विचारून ठेवा.

फरक अभ्यासायचा असेल तर कवचाचं पूर्ण जनुक मागा. सिमएमव्हीचं ६७२ अक्षरांचं, त्यातून २२३ अमिनो आम्लं. ओआरएसव्हीचं ४७७ अक्षरांचं, त्यातून १५८. लांबी अशी आहे की अक्षरं वाचायच्या सँगर पद्धतीने एकाच वाचनात जवळजवळ सगळं येतं. तरी दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. प्रत्येक वाचनाची सुरुवातीची वीस-तीस अक्षरं गढूळ असतात, ती दुसऱ्या बाजूच्या वाचनातून भरून निघतात. नुसता मजकूर घेऊ नका, वाचनाच्या आलेखाची फाइलही मागून घ्या, त्यात प्रत्येक अक्षराचं एक शिखर असतं. त्यात एकाच जागी दोन शिखरं एकावर एक दिसली आणि असं ठिकठिकाणी असेल, तर झाडात दोन वेगळे प्रकार नांदत असण्याची शक्यता आहे. एकाच जागी अस्पष्ट शिखर दिसलं तर तो बहुधा यंत्राचा गोंधळ.

संगणकावर

"मावशी, आधी फाइलची नावं नीट ठेव," हे भाचीचं पहिलं वाक्य होतं, आणि खरं सांगते, पुढचा अर्धा त्रास तेवढ्याने वाचतो. नावात मोकळी जागा नको. झाडाचा क्रमांक, विषाणू, वर्ष, एवढं पुरे.

प्रायमरची अक्षरं दोन्ही टोकांकडून कापून टाका. ती तुमच्या विषाणूची नसतात, आपणच प्रयोगशाळेत घातलेली असतात. न कापता तुलना केली तर टोकं सगळ्यांची सारखी दिसतात आणि साम्य फुगतं. मग अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन ब्लास्ट या जुळणारा मजकूर शोधणाऱ्या साधनात आपला मजकूर चिकटवा. हे साधन १९९०पासून आहे आणि फुकट आहे. निकालात दोन रकाने एकत्र वाचा. साम्य किती टक्के, आणि आपल्या मजकुराचा किती भाग जुळला. ९९ टक्के साम्य पण जुळणी फक्त ३० टक्के भागात, असा निकाल पाहून आनंदून जाऊ नका. मजकुरात यू ऐवजी टी दिसेल, घाबरू नका, जीनबँकेत, म्हणजे तिथल्या जनुकांच्या साठ्यात, आरएनएसुद्धा डीएनएच्या लिपीत लिहायची प्रथा आहे.

त्याच ठिकाणाहून तुलनेसाठी वीस-पंचवीस नमुने उतरवून घ्या. फक्त सर्वांत जवळचे घेऊ नका, नाहीतर सगळेच भाऊ-भाऊ दिसतील. वेगवेगळे देश, वेगवेगळी यजमान झाडं, दोन्ही उपगट यायला हवेत. प्रत्येक नोंदीतला यजमान आणि वर्ष वहीत लिहा. 'देश' या रकान्यावर मात्र फार विसंबू नका. तो नमुना कुठे गोळा केला ते सांगतो, झाड कुठे जन्मलं ते सांगत नाही.

पुढचं काम मेगा या फुकट सॉफ्टवेअरमध्ये. मजकूर एकाखाली एक लावा. लावताना शब्दांच्या हिशोबाने, म्हणजे कोडॉनने लावायचा पर्याय निवडा, म्हणजे तीनचे गट तुटत नाहीत. लावून झालं की प्रथिनात भाषांतर करून पाहा. मध्येच पूर्णविराम, म्हणजे प्रथिन संपल्याची खूण आली, तर विषाणूने चमत्कार केला असं समजू नका. एखादं अक्षर चुकून जास्त किंवा कमी पडलंय, आलेख पुन्हा उघडा. माझ्या पहिल्या प्रयत्नात तीन पूर्णविराम आले होते. भाचीने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे वाचन उलटं लावलंयस, मावशी."

मग जोडीजोडीचे फरक मोजा. समजा दोन नमुन्यांत ६७२पैकी २० अक्षरं वेगळी आहेत. २० भागिले ६७२ म्हणजे सुमारे ३ टक्के फरक, ९७ टक्के साम्य. त्या २०पैकी १७ तिसऱ्या अक्षरावर असतील आणि अमिनो आम्लं फक्त दोनच बदलली असतील, तर चाळणी चालू आहे हे डोळ्यांसमोर दिसतं. सॉफ्टवेअर अर्थ बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या फरकांचं गुणोत्तरही काढून देतं. ते एकपेक्षा बरंच कमी येणं अपेक्षित आहे.

शेवटी वृक्ष. शेजारी-जोड पद्धत झटपट होते, मॅक्झिमम लाइकलिहूड जास्त भरवशाची. बूटस्ट्रॅप हजार वेळा ठेवा. म्हणजे संगणक मजकुरातले रकाने पुन्हा पुन्हा उचलून हजार वृक्ष काढतो आणि एखादी फांदी त्यातल्या किती वृक्षांत आली ते सांगतो. ७० टक्क्यांच्या खालच्या फांद्यांवर मी इमले बांधत नाही. वाचताना आडव्या रेघांची लांबी म्हणजे फरक. नावं वर-खाली कोणत्या क्रमाने आली याला काही अर्थ नाही, फांदी सांध्यात फिरवली तरी वृक्ष तोच राहतो. नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. कागदावर दोन नावं शेजारी दिसली म्हणून ती जवळची, असं नसतं. दोघांना जोडणारा सांधा कुठे आहे ते बोटाने शोधा.

तर मग रोग माझ्याच सुरीने दिला का?

मी वाटलेल्या पाच भागांपैकी चार मिळाले, एक मैत्रीण अमेरिकेत मुलाकडे होती. माझ्या मूळ रोपासह पट्ट्या लावल्या. माझ्या रोपात दोन्ही विषाणू निघाले. इतर तिघींच्या झाडांत सिमएमव्ही, चौथीचं स्वच्छ. तेवढ्या चार नमुन्यांचं कवचाचं जनुक वाचून घेतलं.

माझं आणि दोघींचं अक्षरन् अक्षर सारखं निघालं. झालं, गुन्हा सिद्ध, असं मला वाटलं. भाचीने थांबवलं. तिने जीनबँकेतले नमुने बाजूला लावून दाखवले. आमच्यासारखाच मजकूर हजारो मैलांवरच्या झाडांतही होता. एवढ्या कमी बदलणाऱ्या जनुकात दोन नमुने सारखे निघाले म्हणून एकाचा दुसऱ्याला लागला असं ठरत नाही. दोघींनी आपापली दूषित झाडं बाजारातून आणली असती तरी कदाचित हेच दिसलं असतं. गुन्हा दाखवायचा तर पूर्ण ६,२०० अक्षरं वाचावी लागतील आणि त्यात एखादा असा दुर्मीळ पाठभेद सापडावा लागेल, जो आमच्या तिघींकडे आहे आणि इतर कुणाकडेच नाही. पोथ्यांत शोधायचा तसा.

उलट्या दिशेने मात्र पुरावा चालतो. तिसरीचा विषाणू दुसऱ्या उपगटात जाऊन बसला. तीन वर्षांत माझा विषाणू एवढा बदलणं शक्य नाही. तिला तो दुसरीकडून आला. तिने आठवून सांगितलं, की त्याच वर्षी कुठल्याशा प्रदर्शनातून डेंड्रोबियम आणलं होतं आणि ते आणि माझं कॅटलिया एकाच कात्रीने छाटलं होतं. पण इथेही एक पाचर आहे. माझ्या झाडात दोन्ही उपगट असतील आणि वाचनात फक्त जास्त असलेला दिसला असेल तर? आलेखात दुहेरी शिखरं नव्हती, म्हणून ती शक्यता कमी धरली. शून्य धरली नाही.

उरलेल्या दोघींना मी सांगितलं, विज्ञान मला सोडत नाही आणि पकडतही नाही. सुरी मीच चालवली, तेव्हा नवी रोपं मीच देते.

झाडांचं काय करायचं

विषाणू लागलेल्या ऑर्किडला औषध नाही. कडुनिंब, ताक, हळद, काहीही फवारा, झाडाच्या पेशीतला विषाणू हलत नाही. वाढीच्या टोकाचा अगदी बारीक कोंब घेऊन त्यापासून निरोगी रोप वाढवण्याची पद्धत फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी १९६०मध्ये सिम्बिडियमवर दाखवली, पण ते प्रयोगशाळेचं काम आहे. साधं झाड असेल तर कुंडीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. खतात टाकू नका, ओआरएसव्ही वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं जिवंत राहतो. फार जीव जडला असेल तर गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःची कात्री, स्वतःची ताटली, स्वतःचं पाणी देऊन ठेवा. त्याची पिल्लं कुणाला देऊ नका. हे बोलायला सोपं आहे. लाल भडक व्हँडाचं पिल्लू मागायला वहिनी आल्या की कठीण जातं.

अवजारांसाठी लायटरची ज्योत पुरत नाही. सिमएमव्ही ६५-७० अंशांना संपतो, पण ओआरएसव्हीला नव्वदच्या वर लागतं, तेही दहा मिनिटं. पातं लालभडक झालं तर चालेल, नुसतं काळं झालं तर नाही. ट्रायसोडियम फॉस्फेटचं १० टक्के द्रावण, म्हणजे लिटरला १०० ग्रॅम, उपयोगी पडतं. हातमोजे घाला, त्वचेला झोंबतं. घरातलं ब्लीच एकास नऊ पाण्यात, रोज ताजं, अवजार दहा मिनिटं बुडवून. त्याने लोखंड गंजतं, म्हणून मी स्वस्तातल्या दोन कात्र्या आलटून पालटून वापरते. स्पिरिट आणि सॅनिटायझर तंबाखूच्या विषाणूच्या घराण्यावर भरवशाचे नाहीत. साय काढलेल्या दुधाची पावडर, लिटरला २०० ग्रॅम, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण या घराण्याच्या विषाणूंवर हातांसाठी ते चांगलं चालतं. रोप हाताळण्याआधी त्यात बोटं बुडवायची. घरचे विचारतात, चहा ठेवतेस का? मी म्हणते, नाही, ऑर्किड कापायचंय.

सगळ्या कुंड्या एकाच बादलीत बुडवून पाणी पाजायची सवय इथे उन्हाळ्यात सगळ्यांनाच असते. ती मोडा, झारीने वरून पाणी द्या. जुन्या कोळशाचा आणि विटांच्या तुकड्यांचा पुन्हा वापर करू नका.

माझं जांभळं कॅटलिया गेल्या आठवड्यात पिशवीत गेलं. चौथीकडे जो स्वच्छ भाग होता तो तिने परत देऊ केला आहे. पण पट्टीवर एकदाच स्वच्छ निघालाय, म्हणून पावसाळा संपेपर्यंत तो तिच्याचकडे राहणार आहे. दिवाळीला दुसरी पट्टी.